अभ्यासिकेच्या जुन्या डेस्कटॉपवर कोणतं लिनक्स? माझं मत डेबियनला

नौपाडाकर
ठाण्यात आमच्या भागातल्या अभ्यासिकेत सहा डेस्कटॉप आहेत. चौथ्या पिढीचे आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, सगळ्यांत एसएसडी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमची यंत्रं अधिकृतपणे बाद. ठणठणीत चालणारे संगणक भंगारात घालायला माझा ठाम विरोध आहे. मुलं इथे स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतात, पीडीएफ वाचतात, सराव चाचण्या देतात, कधी अर्ज टाइप करून छापतात. बस, एवढंच काम.

विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची, तर तिच्या अनेक अवतारांपैकी माझं मत डेबियन १३ ला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली आवृत्ती आहे. पहिली तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट, त्यापुढची दोन वर्षं एलटीएस (दीर्घ मुदतीचा सपोर्ट), म्हणजे २०३० पर्यंत बघायला नको. तोवर डेस्कटॉप तोच, लिबरऑफिस तेच, मेनू जागचे हलणार नाहीत. सुरक्षेची भोकं तेवढी बुजवली जातील. फायरफॉक्स मात्र ईएसआर (लांब मुदतीच्या सपोर्टच्या) शाखेतला असतो आणि साधारण वर्षाकाठी पुढच्या ईएसआरवर जातो. ब्राउझरच्या बाबतीत मला ते हवंच आहे.

देखभाल करणारा मी एकटा, तीही रविवारी सकाळी. सोमवारी एखाद्या अपडेटने स्क्रीन काळी झाली, तर परीक्षेच्या तोंडावर मुलांनी आठवडाभर थांबायचं का? ज्या संगणकाजवळ जाणकार माणूस रोज नसतो, त्यावर कमीत कमी बदल झाले पाहिजेत. बाकीचे सगळे निकष माझ्या लेखी नंतर.

घोडबंदरकर
दादा, तत्त्व पटलं, निवड पटली नाही. मिंट २२ हे लिनक्स घ्या. ते उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ एलटीएस आवृत्तीवर उभं आहे आणि २०२९ पर्यंत चालतं. तुमच्या डेबियनपेक्षा जेमतेम वर्षभर कमी. विंडोजवर हात बसलेल्या मुलाला त्यातला सिनॅमन डेस्कटॉप (मेनू-खिडक्यांची मांडणी) शिकवावा लागत नाही. सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेणारं टाइमशिफ्ट आधीपासून बसवलेलं येतं, स्नॅप ही उबंटूची ॲप बसवायची पद्धत मुळातच बंद असते, आणि आपोआप अपडेटसाठी अपडेट मॅनेजरमध्ये एक बटण चालू करायचं.

डेबियन बसवताना रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड दिला, की पहिल्या वापरकर्त्याला सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार वापरायची मुभा, मिळत नाही. नवख्याने हे कुठून ओळखायचं? उद्या तुमची बदली झाली, तर अभ्यासिकेतलाच एखादा मुलगा पुढे येईल. त्याला झेपेल असं काहीतरी लावून ठेवा ना.

नौपाडाकर
रूटचा पासवर्ड कोरा सोडला की सुडो मिळतं, आणि ते इन्स्टॉलरच्या त्याच पडद्यावर लिहिलेलं असतं. सिनॅमन डेबियनच्या इन्स्टॉलरमध्येही निवडता येतो. मागे वाय-फाय चालवायला लागणाऱ्या फर्मवेअरसाठी वेगळी फाइल शोधत बसावं लागायचं. डेबियन १२ पासून तेही अधिकृत आयएसओमध्येच (इन्स्टॉलरच्या फाइलमध्येच) येतं. टाइमशिफ्ट एका आज्ञेत बसतं, अनअटेंडेड-अपग्रेड्स लावलं की सुरक्षा-अपडेट आपोआप. बसवताना तासभर जास्त गेला तरी चालेल, पुढची पाच वर्षं निवांत जायला हवीत.

पुढच्या माणसाला झेपायला हवं, हा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तो मी बाजूला सारत नाही.

ऐरोलीवाला
तुम्ही दोघं आवृत्त्यांवरून भांडताय आणि खरी भीती वेगळीच आहे. अपडेट निम्म्यावर असताना दिवे गेले तर? डेबियन काय, मिंट काय, पॅकेजेस अर्धवट राहतात आणि मग टर्मिनल उघडून ती पूर्ण करणारा माणूस लागतो.

फेडोरा या लिनक्सचा सिल्व्हरब्लू हा प्रकार बघा. तिथे मूळ सिस्टिम फक्त वाचता येते. नवी प्रत बाजूला तयार होते आणि रीस्टार्ट केल्यावरच लागू होते. मध्ये वीज गेली तर जुनीच चालू राहते. नवीत खोट निघाली तर बूट मेनूतून मागची निवडायची. हे अभ्यासिकेतल्या कुठल्याही मुलाला एकदा दाखवलं की जमेल. संगणक कधी बिघडणारच नाही, ही आशा सोडा आणि बिघडला तर चटकन मागे कसं जाता येईल ते बघा. जमाना त्याच दिशेने चाललाय.

नौपाडाकर
सिल्व्हरब्लूची रचना उत्तम आहे, मनापासून सांगतो. पण फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. पाच वर्षांत निदान चार वेळा सगळी सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर न्यायची, आणि दर वेळी ग्नोम या तिथल्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती. घरच्या लॅपटॉपवर हौसेने करावं असं काम आहे ते. सहा सामायिक संगणकांवर मी ते लादणार नाही. विजेवर माझा उपाय साधा आहे: यूपीएस. लिनक्स कुठलंही घेतलं तरी तो लागणारच.

वाशीकरीण
मला यातलं काहीच पटत नाहीये. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात कमिटीने हौसेने लिनक्स बसवलं आणि काम अडलं. डिजिटल सहीचा टोकन चालेना, हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, आणि जुनी परिपत्रकं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली. उघडली तर नुसती अगम्य अक्षरं. विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट घेता येतात. ती घ्या आणि तोवर पैसे जमवा. मुलांचा अभ्यास महत्त्वाचा, आपला आग्रह नव्हे.

घोडबंदरकर
ताई, सोसायटीच्या ऑफिसबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. टोकन आणि हिशेब असेल तिथे मीही विंडोज काढू देणार नाही. पण अभ्यासिकेत यातलं काय आहे? परीक्षांचे फॉर्म ब्राउझरमध्ये भरले जातात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच, रोमनमधून लिहिणाऱ्यांना आयबस या टायपिंगच्या सोयीवर एम-१७-एन हे भाषांच्या कळफलकांचं पूरक लावून देता येतं. इथे डेबियनवाले दादा आणि मी एकाच बाजूला आहोत.

वाशीकरीण
आणि प्रिंटर? अर्ज छापायचा म्हणता. स्वस्तातल्या कित्येक लेझर प्रिंटरना लिनक्सचा धड ड्रायव्हर नसतो. शेवटच्या दिवशी हॉल तिकीट छापलं गेलं नाही, तर पाच वर्षांच्या सपोर्टचं त्या मुलाने काय करायचं?

नौपाडाकर
हा प्रश्न बिनतोड आहे. येत्या रविवारी डेबियन आणि मिंट दोन्हींच्या लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन जातो. डिस्कला हात न लावता आधी प्रिंटर आणि आवाज तपासतो, मराठी छापूनही बघतो. प्रिंटर दोन्हींवर अडला, तर त्याला जोडलेला एक संगणक वाढीव अपडेटवर विंडोजच राहील, बाकी पाचांवर डेबियन. आणि घोडबंदरकर, जमलं तर तुम्हीही या. अभ्यासिकेतली दोन मुलं शिकायला तयार आहेत, त्यांच्याच हातून बसवून घेऊ.