पानांच्या ठशांची भेटकार्डं : आपापले अनुभव लिहा

दसरा तोंडावर आलाय. सोनं वाटताना सोबत घरचं कार्ड द्यावं असं डोक्यात आहे. कुणी पानांचे ठसे घेतले असतील तर लिहा, फसलेलेही चालतील. सुरुवात माझी. पेरूचं पान घेतलं, पुढून रंग लावला आणि दाबलं, तर नुसता हिरवा डाग! शिरा उठून असतात त्या पानाच्या पाठीला, हे तीन कार्डशीट वाया गेल्यावर कळलं.

होटगी रोडकर
आम्ही मे महिन्यात नणंदेच्या वाढदिवसाला केलं. पोस्टर कलर पानावर लावून कागदाकडे वळेपर्यंत वाळलेला. पाणी वाढवलं तर शिरांच्या मधल्या जागा भरून गेल्या. शेवटी रंगात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले आणि पंखा बंद केला. मे महिन्यात, सोलापुरात, पंखा बंद! सासूबाई बाहेर जाऊन बसल्या.

मागवाला
आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील टॉवेल विणायच्या मागावर होते. कार्डाखाली काहीतरी मऊ हवं म्हणून जुनी चादर घातली, वरून लाटणं फिरवलं. पानाबरोबर चादरीची वीणही उमटली. वाईट नाही दिसली खरं तर, पण बहीण म्हणाली, "काय करायलास बे, हे कार्ड आहे का अभ्रा?" आता खाली वर्तमानपत्राच्या चार घड्या, पानावर एक साधा कागद, आणि लाटण्याऐवजी बोटं. देठापासून टोकाकडे दाबत जायचं, पान हलू द्यायचं नाही. उचलताना देठ धरून एकदम. बांधायला मागावरचं उरलेलं सूत.

नुसती वाचक
रुईच्या वाटेला जाऊ नका. चीक डोळ्यात गेला तर कार्ड राहील बाजूला.

आत्याची भाची
मी गेल्या दसऱ्याला वीस कार्डं केली, दोन पाळ्यांचं पान, सोनेरी रंग, खाली 'सोनं घ्या'. आत्याने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा कांचन. आपट्याचं पान लहान असतं, रुंद जास्त, उंच कमी." एकोणीस वाटून झाली होती. एक गोष्ट मात्र खरी, ठसे कागदावर घ्या, झाडं ओरबाडू नका. वीस कार्डांना मला तीनच पानं लागली. दर वेळी रंग पुसून घ्यायचा, सात-आठ ठशांनंतर पान मऊ पडतं, मग दुसरं.

गड्डा स्पेशल
आम्ही संक्रांतीला पाठवतो. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, म्हणून बेल. गेल्या वर्षी पुण्याच्या नातवाला पाठवलेल्या कार्डात तिसरं पान उमटलंच नव्हतं, मला दिसलंही नाही. चार दिवसांनी त्याचा फोन : "आजोबा, एक पान गड्ड्यात हरवलं का?"