वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी: तक्त्यातलं काचपट्टीवर का दिसत नाही?

पापुद्रा
कांद्याचा पापुद्रा (आयोडीन) आणि गालाच्या आतल्या पेशी (मिथिलिन ब्लू) अशा दोन स्लाइड केल्या आहेत. दोन्ही पेशींतला फरक सांगणाऱ्या तक्त्यात वनस्पतिपेशीत हरितलवकं (उजेडात अन्न बनवणारे हिरवे भाग) दाखवतात, कांद्यात एकही दिसत नाही. गालाच्या पेशी फिकट आणि दुमडलेल्या. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा मिळवून देणारे भाग) तर दोन्हींकडे दिसत नाहीत. शिवाय तारककाय (विभाजनाच्या वेळी तंतू उभारणारा भाग) आणि लयकारिका (पेशीतलं टाकाऊ पचवणाऱ्या पिशव्या) 'फक्त प्राण्यांत' असं लिहिलेलं असतं, ते कितपत बरोबर?

भिंगधारी
कांद्यात हरितलवकं नसणारच. तो पापुद्रा अन्न साठवणाऱ्या, उजेड न मिळणाऱ्या पानाचा असतो. हरितलवकांसाठी हायड्रिलाच्या शेंड्याजवळचं कोवळं पान अख्खं पाण्याच्या थेंबात ठेवा. पान जेमतेम दोन थर जाड, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. रंग अजिबात घालू नका. 400 पट मोठं केलं की सुमारे 5 मायक्रोमीटरचे हिरवे ठिपके दिसतील, आणि दिव्याच्या उबेने थोड्या वेळात ते पेशीच्या कडेकडेने सरकू लागतात. कडेनेच का, तर मधली जागा मोठ्या रिक्तिकेने (पाणीदार रसाने भरलेल्या पिशवीने) अडवलेली असते.

गालाच्या पेशी चपट्या असतात आणि त्यांना भित्तिका (पेशीची बाहेरची ताठ भिंत) नसते, म्हणून कडा दुमडतात. ती तुमची चूक नाही. फिकटपणा मात्र बहुधा जास्त उजेडामुळे. डायफ्रॅम (सूक्ष्मदर्शकाची उजेड कमी-जास्त करणारी झडप) अर्धा मिटवा. खरवड पातळ पसरून सुकू द्या, मग मिथिलिन ब्लूचा एकच थेंब, एक-दोन मिनिटं थांबून जास्तीचा रंग टिपकागदाने काढा. रंग भडक झाला तर केंद्रकही दिसेनासं होतं. आच्छादक काच तिरकी टेकवून हळू सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचं गोल गरगरीत काही दिसलं तर तो बुडबुडाच, पेशी नव्हे.

तंतुकणिका 0.5 ते 1 मायक्रोमीटर जाडीच्या. आयोडीनने किंवा मिथिलिन ब्लूने त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यासाठी जिवंत पेशीत जॅनस ग्रीन बी वापरतात.

केंद्रक_७
तक्त्याबद्दल. 'वनस्पतीत हरितलवक, प्राण्यांत तंतुकणिका' अशी वाटणी करतात, ती मला सगळ्यात घातक वाटते. तंतुकणिका दोन्हींत असतात. हरितलवक साखर बनवतं, पण ती वापरून ऊर्जा मिळवायला वनस्पतीलाही तंतुकणिका लागतात. जमिनीखालच्या मुळांच्या पेशींत तर सहसा हरितलवकं नसतातच.

लयकारिकांचं पचनाचं काम वनस्पतीत मुख्यतः रिक्तिका करते, म्हणून 'फक्त प्राण्यांत' ऐवजी 'वनस्पतीत हे काम रिक्तिकेकडे' लिहा. तारककाय सपुष्प वनस्पतींत नसतं हे खरं, तरी विभाजनाच्या वेळी तर्कुतंतू (गुणसूत्रं ओढणारे धागे) तयार होतातच. पण नेचे आणि मॉस यांच्या पोहणाऱ्या नरयुग्मकांत (नर प्रजननपेशींत) तारककेंद्रं, म्हणजे तारककायातले मुख्य कण, सापडतात, त्यामुळे 'वनस्पतीत कधीच नाही' हेही चूक.

तक्त्यात सहसा नसलेला फरक म्हणजे विभाजनाचा शेवट. प्राणिपेशी बाहेरून आत खाच पडून दुभागते, तर वनस्पतिपेशीत मधोमध पेशीपट्टिका तयार होऊन बाहेरच्या बाजूला वाढत जाते. ताठ भित्तिका आत ओढली जात नाही, हे कारण.

आणि हो, भित्तिका दिसली म्हणजे वनस्पतीच असं नाही. कवकांनाही असते, फक्त तिच्यात सेल्युलोजऐवजी कायटिन असतं.

पापुद्रा
आभार. भित्तिका आणि तिच्या आतलं प्रद्रव्यपटल (पेशीचं पातळ आवरण) वेगवेगळे दाखवता येतात का? माझ्या स्लाइडवर एकच रेघ दिसते.

भिंगधारी
येतात, रससंकोच घडवून, म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर जाऊन आतला भाग आक्रसेल असं करून. लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा बिनरंगाचा, पाण्यात बसवा. आच्छादक काचेच्या एका कडेला 5 टक्के मिठाचं पाणी (5 ग्रॅम मीठ विरघळवून एकूण 100 मिली) थेंबभर सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसतो आणि भित्तिका जागच्या जागी राहते. जांभळ्याची कड म्हणजे ढोबळमानाने पटल. मधल्या फटीत मिठाचं पाणीच असतं, कारण भित्तिका ते अडवत नाही. लगेच साधं पाणी दिलं तर बऱ्याच पेशी पुन्हा भरतात.

आयोडीन घातलेला पापुद्रा इथे चालणार नाही. पेशी मेलेल्या असतात, पटल गळकं होतं आणि काहीच आक्रसत नाही.

केंद्रक_७
हाच प्रयोग उलट बाजूने: शुद्ध पाण्यात कांद्याची पेशी फुगून ताठ होते आणि थांबते. तांबडी रक्तपेशी फुटते.