ब्रिस्टलमधील दोन सायक्लॅमेन आणि ठाण्यातील एक कुंडी : जाती कोणत्या, आणि येथे काय जगेल?

पाचपाखाडीकर (ठाणे)

नमस्कार. माझी मुलगी इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे राहते. तिच्या घरामागे एका जुन्या ओकच्या झाडाखाली, जिथे गवतसुद्धा धड उगवत नाही अशा कोरड्या सावलीत, सप्टेंबरमध्ये जमिनीतून थेट सायक्लॅमेनची (कंदापासून वाढणाऱ्या एका फुलझाडाची) फिकट गुलाबी फुले वर येतात आणि त्या वेळी झाडाला एकही पान नसते. पाने मागाहून येतात. ती कोनदार असतात, त्यांवर रुपेरी नक्षी असते आणि शेजारशेजारच्या दोन झाडांची नक्षी कधी एकसारखी नसते. कुंपणापाशी दुसरा ताटवा आहे, तो फेब्रुवारीत फुलतो. ही झाडे ठेंगणी असून पाने जवळजवळ गोल आहेत, आणि गडद किरमिजी फुलांच्या पाकळ्या आखूड व गुबगुबीत दिसतात. घर घेतले तेव्हापासून ही झाडे तिथे आहेत, त्यामुळे नावाची पाटी कोठेही नाही. दोन्ही एकच जात असून सावलीच्या फरकामुळे वेगळी दिसतात, असे तेथील शेजाऱ्यांचे मत आहे; मला ते पटत नाही.

तिसरे झाड येथलेच आहे. ठाण्यातील एका रोपवाटिकेतून डिसेंबरमध्ये सायक्लॅमेनची कुंडी घेतली. हे झाड कोणत्याही हवेत वर्षानुवर्षे टिकते असे विक्रेत्याने सांगितले होते. फुले मोठी आहेत, पाने जाड आहेत, पण मार्च लागताच पाने पिवळी पडू लागली आहेत. या तिन्ही जाती कशा ओळखाव्यात, आणि ब्रिस्टलच्या झाडांचे बी किंवा कंद आणून आमच्या गॅलरीत लावता येतील का, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कंदमित्र (नेरुळ)

नमस्कार ताई. आपली शंका योग्य आहे. त्या दोन निश्चितपणे वेगळ्या जाती आहेत. सायक्लॅमेनच्या वीसहून अधिक जाती आहेत आणि फुलाच्या रंगावरून त्या ओळखू गेल्यास हमखास गोंधळ होतो, कारण पांढऱ्यापासून किरमिजीपर्यंतच्या छटा अनेक जातींत सापडतात. पानांवरील नक्षीचेही तेच आहे. ती एकाच जातीत इतकी बदलते, की तिच्यावर विसंबून नाव ठरवू नये. फुलण्याचा काळ, पाकळीचा तळ, पानाची कड, फळाचा देठ आणि कंदाला मुळे कोठून फुटतात, या गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे नाव बहुधा सुटते.

सप्टेंबरमध्ये पानांआधी फुलणारे आपले झाड सायक्लॅमेन हेडेरिफोलियम असावे. मूळ दक्षिण युरोप आणि पश्चिम तुर्कस्तानातील ही जात इंग्लंडच्या बागांत इतकी रुळली आहे, की ती काही ठिकाणी बागेबाहेरही आपोआप वाढते. खात्रीसाठी मुलीला फुलाचे तोंड जवळून पाहण्यास सांगावे. पाकळ्या जिथे मागे वळतात तिथे प्रत्येक पाकळीच्या तळाशी दोन लहान कानांसारखे उंचवटे असतील. शरदात फुलणाऱ्या सिलिसियम आणि मिराबिले या तुर्की जातींना असे कान नसतात. मिराबिलेच्या पाकळ्यांची टोके तर बारीक दातेरी असतात, त्यामुळे ती चटकन वेगळी पडते. उत्तर आफ्रिकेतील आफ्रिकानम ही जात मात्र हेडेरिफोलियमच्या फार जवळची आहे आणि तिलाही कान असतात. पण ती कडक थंडी सोसत नाही, म्हणून ब्रिस्टलच्या उघड्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहिलेले झाड तिचे असण्याचा संभव फारच कमी आहे.

फेब्रुवारीतील ताटवा सायक्लॅमेन कूमचा दिसतो. बल्गेरिया, तुर्कस्तान, कॉकेशस ते उत्तर इराण असा त्याचा पट्टा आहे. गोल किंवा मूत्रपिंडाच्या आकाराची पाने, आखूड पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या तळाशी गडद डाग व त्यात फिकट ठिपके, ही त्याची खूण. ही पाने फुलांच्या आधी, शरदाच्या अखेरीस किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात. पहिल्या ताटव्यात क्रम नेमका उलटा आहे, आणि हा फरक सावलीने पडत नाही. शेजाऱ्यांना आणखी एक कारण सांगता येईल: कूमची गुणसूत्रे ३० आहेत, हेडेरिफोलियमची ३४ किंवा ६८. या दोन जाती इतक्या दूरच्या आहेत, की शेजारी वाढूनही त्यांचा संकर होत नाही.

सर्वांत भरवशाची खूण जमिनीखाली आहे. फुलोरा संपल्यावर माती बोटाने हळुवार बाजूला करून पाहावे. हेडेरिफोलियमच्या कंदाला मुळे वरच्या बाजूने आणि कडांनी फुटतात आणि तळ जवळजवळ उघडा असतो. कूमच्या कंदाला ती तळाच्या मध्यातून फुटतात. याच कारणाने हेडेरिफोलियमचे कोरडे कंद अनेकांकडून उलटे लावले जातात.

ठाण्याच्या कुंडीतील झाड पर्सिकम जातीपासून निवड करून तयार केलेले बागायती वाण आहे. नावात पर्शिया असले तरी ही रानटी जात इराणमध्ये सापडत नाही. तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन, इस्राएल, पॅलेस्टाइन, काही ग्रीक बेटे आणि ट्युनिशिया परिसर ही तिची भूमी. फळ धरले असल्यास देठ पाहावा. इतर जातींत फूल गळल्यावर देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेत फळाला जमिनीकडे ओढतो, पर्सिकममध्ये तो केवळ वाकतो.

सावलीतली बाग (घोडबंदर रस्ता)

ओळखीबाबत वरील उत्तराशी मी सहमत आहे. ठाण्यात काय जगेल, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

या झाडांचे वर्ष भूमध्य समुद्राभोवतीच्या हवामानाने घडवले आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून पाने हिवाळ्यात वाढतात. उन्हाळा कोरडा असतो, म्हणून कंद उन्हाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्याच्या झोपेच्या वेळी मोसमी पाऊस कोसळतो. जून ते सप्टेंबर या काळात ठाण्यात २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि कुंडी छपराखाली ठेवली तरी हवेतील दमटपणा टळत नाही. त्याआधीच्या मे महिन्यात रात्रीही पारा २५ अंशांच्या वर राहतो. अशा उबेत झोपलेला कंदही साठवलेले अन्न वेगाने खर्चतो, आणि पुढे ओलाव्याने बुरशी धरली की आठवडाभरात लगदा होतो. हेडेरिफोलियम आणि कूम गोठणबिंदूच्या बरेच खालचे तापमान सहज सोसतात, म्हणून त्यांना काटक मानतात; पण त्यांची ती शक्ती बर्फासमोरची आहे, आपल्या उकाड्यासमोरची नाही. थंड हवेसाठी महाबळेश्वर सुचवणारे भेटतात, परंतु तिथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही नेमका कंदाच्या झोपेच्या काळात. त्यामुळे तो मार्गही बंद आहे.

(आपल्या येऊरच्या डोंगरातील शेवळाचा कंद नेमका उलट वागतो. तो कोरड्या महिन्यांत झोपतो आणि पहिल्या सरींबरोबर वर येतो. कंद म्हटले की सर्वांना एकच वेळापत्रक लावून चालत नाही.)

आपल्या पर्सिकमच्या कुंडीबाबत स्पष्ट सांगायचे, तर ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे झाड मानावे. पूर्वेच्या खिडकीत, कोवळे ऊन आणि खेळती हवा मिळेल असे ठेवावे. पाणी बशीत घालावे आणि अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकावे, कारण कंदाच्या माथ्यावर पाणी साचले की कळ्यांच्या बुडाशी करडी बुरशी येते. वाळलेले फूल कात्रीने कापल्यास उरलेला देठ कुजतो. त्याऐवजी देठ पिळून मुळापासून ओढून काढावा.

आता मार्चमध्ये पाने पिवळी पडणे हा रोग नसून झोपेची सुरुवात आहे. घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करत पूर्ण थांबवा. पाने वाळली की कुंडी घरातील सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात आडवी ठेवा. ऑक्टोबरच्या अखेरीस कंद घट्ट लागला, तर जाडसर वाळू, विटांचे तुकडे आणि कुजलेला पालापाचोळा यांच्या मिश्रणात, अर्धा कंद मातीबाहेर राहील असा लावा. ठाण्यात हे क्वचित साधते, तरी करून पाहण्यास हरकत नाही.

पाचपाखाडीकर (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने आजच माती उकरून छायाचित्रे पाठवली. ओकखालचा कंद चपटा व ताटलीएवढा असून मुळे वरून आणि बाजूंनी निघाली आहेत, तर कुंपणापाशीचे कंद लिंबाएवढे असून मुळे खालून फुटलेली आहेत. म्हणजे निदान पक्के झाले असे समजते. ठाण्यात ती लावण्याचा विचार मी सोडते. तरीही नुसते बी सामानातून आणण्यास काही आडकाठी असते का, हे जाणून घ्यायचे आहे, कारण माझ्या बहिणीचे घर सिमल्याला आहे.

बेलापूरकर

ताई, आडकाठी आहे, आणि ती गांभीर्याने घ्यावी. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार लागवडीसाठी बी किंवा रोप भारतात आणताना आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. पिशवीत घालून आणणे चालत नाही. कंदांना त्यापुढची अट आहे. संपूर्ण सायक्लॅमेन वंश साइट्स कराराच्या (रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे रानटी जातींचे कंद एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यासाठी त्या कराराची स्वतंत्र कागदपत्रे लागतात. यामागे कटू इतिहास आहे: तुर्कस्तानच्या डोंगरांतून खणलेले कंद एके काळी युरोपच्या बाजारात प्रचंड संख्येने विकले जात. जो कंद रानात पन्नास वर्षे वाढला, तो उपटून दुकानात टोपलीत ठेवणे मला आजही सहन होत नाही. कोणत्याही देशात विकत घेताना तो रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेला आहे का, हे अवश्य विचारावे.

कंदमित्र (नेरुळ)

मुळांच्या वर्णनावरून दोन्ही नावे आता पक्की समजावीत. हेडेरिफोलियमचा कंद ताटलीएवढा व्हायला काही दशके लागतात, तेव्हा ती झाडे आधीच्या घरमालकांच्याही आधीची असू शकतील.

बी आणण्यापेक्षा मुलीनेच तिथे पेरावे. हेडेरिफोलियमचे फळ शरदात धरून पुढच्या उन्हाळ्यात पिकते, आणि बोंड उघडताच मुंग्या बियांवरील गोड, चिकट आवरणासाठी ती वाहून नेतात. त्यामुळे बोंड मऊ पडू लागताच ते काढून घ्यावे. ताजे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून लगेच पेरावे, वर सुमारे अर्धा सेंटिमीटर माती घालावी आणि कुंडी पूर्ण अंधारात, १५ अंशांच्या आसपास ठेवावी; २० अंशांच्या वर बी रुसते. प्रथम मातीखाली मोहरीएवढा कंद तयार होतो आणि मग एकच पान वर येते. दुसरे बीजपत्र (बियातून प्रथम येणारे पान) दिसत नाही म्हणून रोप सदोष समजून फेकू नये. पहिले वर्षभर ती रोपे एकाच कुंडीत गर्दीत राहू द्यावीत. फुले दोन-तीन वर्षांत येतील.

दोन्ही ताटव्यांचे बी वेगवेगळ्या कुंड्यांत पेरून त्याच दिवशी पाटी लावण्यास सांगा, कारण कोवळ्या पानांवरून या जाती ओळखणे कठीण जाते. उन्हाळ्यातही फुले हवी असतील, तर पुर्पुरासेन्स ही आल्प्सकडील सुगंधी जात तिथे लावता येईल. ती जवळजवळ वर्षभर पानांत असते, म्हणून तिची जागा ओकखालच्या कोरड्या मातीत नाही. कुंपणापाशी, जिथे उन्हाळ्यातही थोडा ओलावा टिकतो, तिथे लावावी.