जुन्या लोखंडी फ्रेमला डिस्क ब्रेक बसतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांनी 1996 साली, मी आठवीत असताना घेऊन दिलेली 26 इंची गिअरची सायकल अजून माझ्याकडे आहे. फ्रेम लोखंडी, रंग दोन-तीन ठिकाणी उडालाय, पण गंज कुठेच नाही. मी साताऱ्यात राहतो. रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, हा माझा नेम. चढताना सायकलची काही तक्रार नाही, अडचण आहे ती उतरताना.

गेल्या पावसाळ्यात समर्थ मंदिराकडे उतरत होतो. धुकं होतं आणि रस्त्यावरून पाणी वाहत होतं. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबले. लिव्हर पार हँडलला टेकले, तरी सायकल पळतच राहिली. दोन-तीन सेकंदांनी रिमवरचं पाणी पुसलं गेलं आणि मग कुठे रबरांनी पकड घेतली. तोवर मी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कठड्यापासून हातभर अंतरावर पोचलो होतो. समोरून गाडी आली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. त्या दिवशी ठरवलं, आता डिस्कच बसवायचे.

चौकशी केली तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, क्लॅम्पने आवळायची पट्टी मिळते, चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कला, लावून टाकू. दुसरा म्हणाला, कॅलिपरसाठी, म्हणजे डिस्कची चकती दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या भागासाठी, कान वेल्ड करून देतो, तासाभराचं काम. तिसऱ्याने सरळ नवी सायकल घ्यायला सांगितलं. ते मला करायचं नाही.

मी घेतलेली मापं: पुढच्या चिमट्याचं आतलं अंतर 100 मिमी, मागे 130 मिमी. डिस्कचे मागचे हब बघितले ते सगळे 135 चे. चिमट्याचा दांडा 1 इंची, वर आट्यांचा. बाजारात डिस्कचे चिमटे दिसले ते एक इंच एक सूत दांड्याचे आणि बिनआट्यांचे. सध्या व्ही-ब्रेक आहेत, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे, त्यांच्या खुंट्या फ्रेमला आणि चिमट्याला पक्क्या आहेत. रिम लोखंडी, क्रोम केलेल्या, 36 आऱ्यांच्या.

माझे प्रश्न असे. क्लॅम्पच्या पट्टीवर घाटात भरवसा ठेवता येईल का? कान वेल्ड करून घेतला तर जुना चिमटा टिकेल का? मागची फ्रेम 5 मिमी फाकवली तर चालेल का? आणि जुने व्ही-ब्रेकचे लिव्हर केबलवाल्या डिस्कला चालतील का? जाणकारांनी कृपया सांगावं.

*

प्रतिसाद:

दादा, सोपे प्रश्न आधी घेतो. लिव्हर चालतील. माउंटन बाइकसाठीचे केबलवाले कॅलिपर व्ही-ब्रेकच्या लिव्हरवरच चालतात, फक्त रोड बाइकचे घेऊ नका, त्यांना केबल कमी ओढावी लागते. मागे लोखंडी फ्रेम दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिमी फाकवता येते, लोक करतात. नंतर दोन्ही बाजू समांतर आहेत का ते मात्र तपासून घ्या. फ्रेम अॅल्युमिनिअमची असती तर हातही लावू नका म्हणालो असतो.

पण पुढच्या चिमट्याला कान वेल्ड करू नका. रिम ब्रेकचा जोर वर, खुंट्यांपाशी येतो आणि दोन्ही पायांत वाटला जातो. डिस्कचा सगळा जोर एकट्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाला येतो. हिशोब करून बघा: तुमच्या चाकाची त्रिज्या सुमारे 330 मिमी, 160 मिमीच्या रोटरची, म्हणजे डिस्कच्या चकतीची, 80. म्हणजे टायर रस्त्याला जेवढा जोर लावतो, त्याच्या चौपट कॅलिपरपाशी. जुन्या चिमट्याचा पाय खाली निमुळता होत जातो, पत्रा पातळ असतो आणि वेल्डिंगच्या आचेने शेजारचं लोखंड आणखी कमजोर होतं. दुसरं म्हणजे कॅलिपर पायाच्या मागे असला की ब्रेक दाबल्यावर एक्सल खाली, खाचेतून बाहेर ढकलला जातो. तुमची खाच खालीच उघडते. क्लॅम्पची पट्टी तर पायावर फिरू शकते, ती घाटात नकोच.

आता एक विचारतो, राग मानू नका. तुमचा त्रास ब्रेकचा आहे की रिमचा? ओल्या क्रोमवर रबर धरतच नाही. अॅल्युमिनिअमच्या रिम टाका, व्ही-ब्रेकला चांगल्या दर्जाचे नवे रबर आणि नव्या केबल. पावसात जमीन-अस्मानाचा फरक पडेल आणि बाबांच्या फ्रेमला कानस लावावी लागणार नाही.

*

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. चौपट जोराचा हिशोब वाचून चिमटा पुन्हा हातात घेऊन बघितला. खालचा पाय माझ्या अंगठ्याएवढा जाड आहे. वेल्डिंगचा विचार सोडला. तुमचं वाचून रिमवर पाण्याचा हात फिरवला आणि चाक फिरवून ब्रेक दाबला. पहिला दीड फेरा रबर नुसतं घसरत होतं, कोरड्या रिमवर तेच चाक जागच्या जागी थांबलं.

म्हणून 36 भोकांच्या दोन अॅल्युमिनिअम रिम घ्यायचं ठरवलंय, हब जुनेच ठेवणार. आता एवढंच सांगा: जुनेच आरे वापरता येतील का, की रिमचा आतला व्यास बदलला की आऱ्यांची लांबीही बदलते? आणि तो व्यास घरी मोजायचा कसा? जूनच्या आत चाकं बांधून घ्यायची आहेत.