सुळक्याची वाट आमच्या रानातून जाते. बंद करावी का?

बांधावरचा

मंडळी, मी क्लाइंबर नाही. इथे क्लाइंबिंगवाले जास्त, म्हणून मुद्दाम इथे विचारतोय. आधी भूगोल सांगतो, नाहीतर उत्तरं भलतीकडेच जातील.

गाव जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर. नाव लिहीत नाही, लिहिलं तर येत्या रविवारी आणखी दोन गाड्या येतील. गावाच्या डोक्यावर एक सुळका आहे. तो वनखात्याचा. पण डांबरी संपते तिथपासून वनखात्याच्या हद्दीच्या दगडापर्यंतची जमीन आमची. आधी गोठा आणि खळं, मग भाताची खाचरं, मग गवताचं रान आणि रानाच्या वरच्या अंगाला हिरड्याची झाडं. सातबाऱ्यावर वडील आणि दोन चुलते. सुळक्याला ओढ्याकडूनही वाट आहे, पण ती लांबून फिरते, म्हणून सगळे आमच्या दारावरून.

पूर्वी क्वचित एखादा ग्रुप यायचा. आदल्या रात्री आमच्याकडे पिठलं-भाकरी, ओसरीवर झोप, आणि सकाळी निघताना "आबा, दिवस मावळायच्या आत खाली येतो, नाही आलो तर बघा." आबा खरंच बघायचे. दिवस कलला की बॅटरी घेऊन खळ्यात उभे. आता कोणीतरी मोबाइलच्या अॅपवर वाटेची रेघ टाकली आहे. पोरं रात्री दोनला येतात, गाडी खळ्यात लावतात, गोठ्यावर हेडलाइट मारून सॅक भरतात आणि चालू पडतात. घरात माणसं आहेत हेच त्यांच्या गावी नसतं.

आता नुकसानीचं सांगतो. सप्टेंबरात भात पोटरीत असताना दहा-बारा जण बांधावरून एका मागोमाग गेले. ओला बांध, एका ठिकाणी बसला. पाणी खालच्या खाचरात उतरलं, आणि खालचं खाचर धाकट्या चुलत्याचं. क्लाइंबर पुण्याला पोचायच्या आत आमच्या घरात भांडण पेटलं होतं. दुसरं, हिरडा. वरच्या हिरड्याला रोपचा वेढा देऊन कोणीतरी सरावाला रॅपल मारलं, म्हणजे दोरावरून खाली उतरले. रोप सरकून सरकून साल सोलवटली, आतलं लाकूड दिसायला लागलं. बाळहिरडा वेचून विकतो तेव्हा पावसाआधी बियाण्याला आणि पोरांच्या वह्यांना पैसे हातात येतात. शहरातल्या माणसाला ते नुसतं जंगली झाड वाटतं.

आणि मार्चमधली गोष्ट. सुळक्याच्या ओव्हरहँगखाली, म्हणजे पुढे झुकलेल्या कातळाखाली, दरवर्षी आग्या मोहोळ लागतं. गावात कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. पहिल्याच पिचवर, म्हणजे चढाईच्या पहिल्या टप्प्यावर, आरडाओरडा आणि ड्रोन. मोहोळ उठलं. ते पळाले, दोघांना बरंच चावलं. पण पळत आले ते थेट गोठ्याकडे, आणि माशा मागोमाग. माणसाला पळता येतं. बैल दाव्याला होता. आईने गोधडी पांघरून जाऊन दावं कापलं, तोवर त्याचं तोंड आणि डोळे सुजून मिटले होते. वाचला, पण त्या हंगामात औताला जुंपता आला नाही.

त्यानंतर आबांनी वाटेवर करवंदीच्या काट्या टाकल्या. गेल्या महिन्यात एका ग्रुपने त्या उपसून बाजूला फेकल्या, आबांशी हुज्जत घातली आणि व्हिडिओ टाकला: "गावगुंडांनी सह्याद्री अडवला." आबांचा चेहरा त्यात स्पष्ट. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा गुंड झाला.

मी चाकणला कंपनीत असतो, शिफ्ट असते, रोज जाऊन उभा राहू शकत नाही. चुलते म्हणतात सिमेंटचे खांब रोवा, तार ओढा, विषय संपवा. आबा आतून नाखूश आहेत. कायद्याने वाट बंद करता येते का? आणि करावी का?

कातळवेडा

सुळका वनखात्याचा आहे हे तुम्हीच लिहिलंय. वाट वर्षानुवर्षांची, म्हणजे वहिवाटीची. अडवता येत नाही. सह्याद्री कोणाच्या मालकीचा नाही. चार जण चुकले म्हणून सगळ्यांना शिक्षा कशाला? शेवटी सगळं पावतीवरच येऊन थांबणार, स्पष्टच सांगा ना.

बांधावरचा

दादा, आजवर एक रुपया मागितलेला नाही. उलट दोघांना मोहोळ चावलं तेव्हा नारायणगावच्या दवाखान्यात आमच्याच पिकअपमधून नेलं. डिझेलचं कोणी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

जुना पिटॉन

कातळवेडा, "वहिवाट" हा शब्द तुम्ही फारच स्वस्तात वापरलात. भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी कडे चढलो, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगतो.

सुखाधिकार अधिनियम १८८२ चा. त्यात वीस वर्षं उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर असेल तर वाटेचा हक्क मिळतो. पण तो हक्क एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर मिळतो. वरच्या शेतकऱ्याला खालच्या शेतातून जायला मिळेल. कोथरूडच्या फ्लॅटमालकाला हौस आहे म्हणून जुन्नरच्या खाचरावर मिळत नाही. मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देतो, तेही शेतीला जाणाऱ्या वाटेसाठी. महसूल संहितेचं कलम १४३ तर बांधावरून रस्ता मागणाऱ्या शेतकऱ्यासाठीच आहे. ह्यातलं एकही कलम रोप खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला लागू होत नाही.

बांधावरचा, तुमच्या बाजूनेही एक गोष्ट तपासा. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. नकाशात पाऊलवाट तुटक रेघेने दाखवलेली असते. ही वाट तशी दाखवलेली असेल तर ती सार्वजनिक, तिच्यावर खांब रोवू नका, उद्या गावातलाच कोणीतरी तहसीलला अर्ज करेल. दाखवलेली नसेल तर मालक तुम्ही. आणखी एक, तुमच्या वरच्या रानात गावची गुरं चरायला आणि बाया सरपणाला जात असतील तर त्यांची वाट तारेने बंद होईल. मग क्लाइंबर राहतील बाजूला आणि तुम्ही गावाशी भांडत बसाल. ह्या एका कारणासाठी मी तारेच्या विरोधात आहे.

आता आमच्या जमातीबद्दल. चढाईची ग्रेड, कातळात ठोकलेल्या बोल्टमधलं अंतर, कुठला कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) किती किलोन्यूटन भार घेतो, सगळं तोंडपाठ. खाली कोणाचं घर आहे ते माहीत नाही. लिंगाणा असो, तैलबैला असो, वानरलिंगी असो, अपघात झाला की रेस्क्यू टीम शहरातून निघून पोचेपर्यंत कित्येक तास जातात. तोवर जखमीला पाणी पाजणारा, वाट दाखवणारा आणि पुढे स्ट्रेचरला खांदा देणारा गावातलाच असतो, बहुतेक वेळा पायात साधी चप्पल. ज्याच्या काट्या उपसून फेकल्या त्यालाच रात्री हाक मारायची वेळ येते. तेवढा हिशेब तरी करावा, सभ्यता राहू दे.

हिरड्याचं ऐकून राग आला. झाडाला अँकर (दोराचा आधार) घ्यायचाच तर रुंद टेप स्लिंग (सपाट पट्टा), खाली पोत्याची घडी, आणि चालता रोप कॅरॅबिनरमधून, खोडावरून कधीच नाही. हे बेसिक कोर्समध्ये शिकवतात. आणि मालकीच्या फळझाडाला तेही विचारूनच.

भंडारदऱ्याकडची

बांधावरचा भाऊ, आम्ही अकोले तालुक्यातले. आमच्या घरी ट्रेकवाल्यांचं जेवण असतं, सीझनला शनिवारी चूल विझत नाही. म्हणून अनुभवाचं सांगते.

वाटेचे पैसे घेऊ नका. आमच्या शेजारच्यांनी माणशी पन्नास रुपये सुरू केले होते. पैसे दिले की लोकांना वाटतं रान विकत घेतलं. "पैसे दिलेत ना" म्हणून विहिरीत पाय सोडून बसायचे. गाडी लावायचे घ्या, जेवणाचे घ्या, वाटाड्याचे घ्या. ते कामाचे पैसे, त्यात कोणाला बोलायला जागा नाही.

दुसरं, एकच घर ठरवा. नाहीतर आलेला माणूस पहिल्या दारात विचारतो, तिथलं पोरगं "जावा की" म्हणतं आणि मालकाला पत्ताच नसतो. मग ते म्हणतात आम्ही विचारलं होतं, आणि ते खोटंही नसतं.

तिसरं, बायकांचं. सकाळी आम्ही ज्या बाजूला जातो त्याच बाजूला ह्यांचे तंबू. सांगायला लाज वाटते म्हणून कोणी सांगत नाही. तंबूची जागा तुम्हीच दाखवा, आपोआप मिटतं. आईंना विचारा, त्या सांगतील कुठे नको ते.

बैल आता कसा आहे?

बांधावरचा

ताई, बैल बरा आहे. एका डोळ्यातून पाणी येतं अजून. तंबूचं खरंच आईला विचारलं. ती म्हणाली, "एवढे दिवस कोणी विचारलं का मला?"

ओहायोकर

मूळचा नाशिकचा, आता सिनसिनाटीत. इथून जवळ केंटकीत रेड रिव्हर गॉर्ज आहे, सॅंडस्टोनचे कडे, जगभरातून लोक येतात. तिथेही बरेच कडे खाजगी जमिनीत. रोडसाइड नावाचा अतिशय लोकप्रिय कडा मालकांनी २०११ मध्ये बंद केला. नियम लिहून लावले होते, पाळले गेले नाहीत, न विचारता बोल्ट मारले गेले. काही वर्षं बंद राहिला. उघडला तेव्हा आधी परवाना काढायची अट घालून. कोणी "निसर्ग सगळ्यांचा" म्हणून कोर्टात गेलं नाही, कारण जमीन मालकाची हे सगळ्यांना मान्य होतं.

तिथल्या क्लाइंबरांच्या संघटनेने २००४ मध्ये वर्गणी काढून आणि कर्ज घेऊन साडेसातशे एकरांच्या आसपास जमीनच विकत घेतली. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आदिवासींच्या जमिनीला आणखी निर्बंध, त्यामुळे तो मार्ग नाही. पण केंटकीच्या कायद्यात एक कलम आहे, त्यावर इथे कोणीतरी काम करावं असं वाटतं. मालकाने फुकट येऊ दिलं आणि कोणी पडलं, तर साधारणपणे मालकाला जबाबदार धरत नाहीत. मालकाची अर्धी भीती तिथेच जाते.

कातळवेडा

इथे पडलं कोणी तर शेतकऱ्यावर कोण केस करतंय?

जुना पिटॉन

केस होईल न होईल. पण मृत्यू झाला की पोलीस पंचनाम्याला पहिल्या घरात येतात, जबाब घेतात, पुन्हा पुन्हा बोलावतात. आबांचे लावणीचे दिवस त्यात जातात. ते तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही तेव्हा घरी असता.

कातळवेडा

ठीक. पावतीचं बोललो ते मागे घेतो. पण व्हिडिओ टाकणाऱ्या ग्रुपला मी ओळखतो असं वाटतंय, बोलतो त्यांच्याशी. आबांचा चेहरा तरी निघाला पाहिजे.

बांधावरचा

ते झालं तर फार बरं होईल. गावात पोरं आबांना तोच व्हिडिओ दाखवून चिडवतात.

गावनकाशा काढला. तुटक रेघ आहे, पण ती ओढ्याकडच्या वाटेची. आमच्या दारावरून काहीच नाही. म्हणजे बंद करता येईल. चुलते खूश. पण पिटॉन सरांचं गुरांच्या वाटेचं वाचून दाखवल्यावर थोरले चुलते गप्प झाले, कारण त्यांच्याच शेळ्या तिकडून जातात. तेव्हा सध्या तार नाही. पावसाळा संपून भात कापून होईपर्यंत आमच्या बाजूची वाट पूर्ण बंद, ओढ्याने जा. भात निघाला की दारावरून जा, पण विचारून. बोर्ड रंगवायला टाकतोय, मजकूर असा:

"ही वाट खाजगी जमिनीतून जाते. जून ते भातकापणी बंद. इतर वेळी खालच्या पत्र्याच्या घरात सांगून जावे, किती जण आणि कधी परतणार ते सांगावे. रात्री दहा ते पहाटे पाच गाडी आणू नये. गाडी शाळेजवळ लावावी, खळ्यात नाही. हिरड्याला दोर बांधू नये. मोहोळ कुठे आहे ते आधी विचारावे, मोहोळ असताना ड्रोन आणि धूर बंद. गवतात विडी-सिगारेट, शेकोटी नाही. जेवण सांगितल्यास मिळेल." आणि खाली आबांचा मोबाइल नंबर.

काही राहिलं असेल तर आज सांगा, पेंटर उद्या येतोय.

भंडारदऱ्याकडची

नंबर आबांचा टाकू नका भाऊ. बोर्डाचा फोटो लगेच ग्रुपवर फिरतो, मग पहाटे साडेतीनला "काका, पाऊस आहे का?" म्हणून फोन येतात. तुमचा टाका. नाईट शिफ्टला जागेच असता.

जुना पिटॉन

आणि "जेवण सांगितल्यास मिळेल" सगळ्यात वर घ्या. बाकीचं वाचतील तरी.