लिव्हर-ॲक्शन रायफल: ३०-३० घ्यावी की ३०८ मार्लिन एक्स्प्रेस?

नवशिका_पिट्सबर्ग
शेजारी यंदा हरणांच्या सीझनला बरोबर चल म्हणतोय. लिव्हर-ॲक्शनच (ट्रिगरजवळचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरायचं, ती) घ्यायची, हे नक्की. रान दाट आहे, शंभर यार्डांपलीकडे दिसतच नाही. दुकानात वापरलेली ३०८ मार्लिन एक्स्प्रेस पाहिली, भाव बरा आहे. ती घेऊ की सरळ ३०-३० विंचेस्टर? (दोन्ही काडतुसांची नावं, रायफलही त्यावरूनच ओळखतात.) भाऊ कोलंबसला असतो, पुढेमागे ओहायोतही जायचा बेत आहे.
(शिकार करावी की करू नये, यावर कृपया वेगळा धागा काढा.)

रानवाट
३०-३०. डोळे झाकून.
कागदावर ३०८ सरस आहे. १६० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,६६० फूट जाते; ३०-३०ची १५० ग्रेनची २,३९०च्या आसपास. पण तुमच्या अंतरावर हरणाला त्याचं काय? काडतुसं बनवणारी हॉर्नडी आणि रायफली बनवणारी मार्लिन या कंपन्यांनी २००७च्या सुमारास हे काडतूस आणलं, पण ते फारसं रुजलं नाही. रायफल स्वस्त मिळेल, मग काडतुसं शोधत बसाल. ३०-३० मात्र १८९५पासून चालू आहे, गावातल्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळते.

जुनी_नळी
+१. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. या रायफलींत नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात आणि प्रत्येक गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकलीला) टेकतं. टोकदार गोळ्या भरल्या तर झाडताना बसणाऱ्या धक्क्याने आतल्या आत बार उडू शकतो. म्हणून चपट्या किंवा गोल टोकाच्याच घ्या. हॉर्नडीची लेव्हरेव्होल्यूशन ही गोळी टोकदार असून चालते, कारण तिचं टोक रबरासारखं मऊ असतं.

बकआय_बाळ्या
थांबा, ओहायोचं काय? तिथे हरणासाठी रायफल वापरायची तर सरळ भिंतीचंच काडतूस लागतं. ३०-३० आणि ३०८ दोन्ही मानेशी निमुळती, म्हणजे दोन्ही बाद. ४४४ मार्लिन किंवा ४५-७० चालते.

रानवाट
हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तरी पहिलीच रायफल ४५-७० घेऊ नका, खांदा बोलेल. ओहायोला जायचंच असेल तर ४४ मॅग्नमची लिव्हर बघा, तिकडे चालते आणि शंभर यार्डांच्या आत तुमच्या पेनसिल्व्हेनियातही पुरते. ओहायो नुसताच विचार असेल तर ३०-३०.

जुनी_नळी
ग्रीन कार्ड आहे ना? एच-१बीवर एरवी बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचा वैध परवाना असेल तरच सूट आहे. आधी तो काढा, मग दुकानात जा.

नवशिका_पिट्सबर्ग
ग्रीन कार्ड आहे. भावाला विचारलं, तो म्हणाला तू ये, मी फक्त जेवायला घालीन. तेव्हा ३०-३०. त्यातली मार्लिन ३३६ की विंचेस्टर ९४? वर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लावायचाय.

बकआय_बाळ्या
मग ३३६. रिकामं काडतूस बाजूने फेकते, स्कोप आडवा येत नाही. जुनी ९४ मात्र वरच्या बाजूने फेकते.