अनुभव धागा : स्लॅब ओतायच्या आधी तुम्ही काय बघता? (इंदूर)

30 मार्च 2023, रामनवमी. बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना बावडीवरचं (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचं) छत खचलं, 36 माणसं गेली. 31 मार्च 2018 ला सरवटे बसस्थानकाजवळ जुनी हॉटेलची इमारत बसली, तेव्हा 10. साइटवर उभं राहणाऱ्यांनी लिहावं : काय तपासता, किती मापानं, कुठे गंडवलं जातं. स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी नकोत.

साइट इंजिनिअर, सुदामानगर :
आधी बाल्कनी. खोलीच्या स्लॅबची मुख्य सळई खाली असते, बाल्कनीची वर, कारण तिथे ताण वरच्या अंगाला येतो. 115 मिमी जाडी, वरचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) 20, सळई 10 ची : तळापासून सळईच्या मध्यापर्यंत 90 मिमी. सगळी ताकद या 90 मध्ये. ओतताना घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून ये-जा करतात, सळई 40 मिमी दबते, उरतात 50. ताकद जवळपास निम्मी, आणि वर लादी बसली की कुणाला पत्ता नाही. म्हणून सळईखाली चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे वाकवलेले टेकू) हव्यात, चालायला फळ्या हव्यात, ओतणं संपेपर्यंत एक फिटर (सळई बांधणारा) तिथेच हवा. काँक्रीट ओलं असताना खिळा खुपसून बघा, 20-25 मिमीवर सळई लागली पाहिजे.

कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक 135 अंशांत वळलेले हवेत. 90 वर सोडलेले भूकंपात उघडतात. आणि बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा आहेत का ते वाकून बघा. बीमची सळई बसल्यावर तिथे हात जात नाही, म्हणून त्या घालतच नाहीत.

ठेकेदार, विजयनगर :
भिया, सगळं आमच्याच माथी नको. फुटाच्या भावात अजून पाच रुपये तोडायचे आणि वर रिंगा मोजायच्या! तरी खरं सांगतो, घोळ पाण्यात होतो. 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीला 0.5 नं (पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मं) 25 लिटर, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. मिक्सरवाला डोळ्यानं ओततो, कारण पातळ माल पसरायला सोपा.

सेंटरिंग (ओल्या काँक्रीटखालच्या प्लेटा आणि टेकू) : साध्या सिमेंटला, स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू 7 दिवस, वर 14. बीम 6 मीटरपर्यंत 14, पुढे 21. पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश पक्कं होणारं सिमेंट) असेल तर थंडीत याहून जास्त. प्लेटांचं भाडं चढत असतं म्हणून चौथ्या दिवशी कुणीतरी हात घालतोच. टेकू नुसत्या मातीवर ठेवू नका. तराईचं (काँक्रीट ओलं ठेवायला मारलेलं) पाणी झिरपून माती बसते आणि स्लॅब आधाराशिवाय लटकतो.

मटेरियल टेस्टिंगवाले :
क्यूब, म्हणजे दाबून फोडून बघायचा काँक्रीटचा ठोकळा, 150 मिमीचा, तीन क्यूबांचा एक नमुना, 6 ते 15 घनमीटर काँक्रीटला दोन नमुने. एम-20 (चौरस मिमीला 20 न्यूटन ताकदीच्या काँक्रीट) चा क्यूब 28 दिवसांनी साधारण 450 किलोन्यूटनला फुटतो. माल कॉलमपाशी पोचल्यावर भरा. मिक्सरपाशी वेगळा कालवलेला ‘परीक्षेचा माल’ सगळ्यांना ठाऊक आहे. तिन्ही आकडे अगदी सारखे आले तर अहवाल परत पाठवा.

पायाचं काम करणारे :
माळव्याची काळी माती विसरलात. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. अंडररीम पाइल (खाली फुगवटा असलेला, जमिनीत ओतलेला खांब) किमान साडेतीन मीटर, फुगवटा खोडाच्या अडीच पट. प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या, भिंत पेलणाऱ्या बीमखाली) 80 मिमी पोकळी ठेवायची असते. मजूर ती ‘राहून गेलेली जागा’ समजून मुरमानं ठासतात. मग माती फुगली की बीमच वर ढकलला जातो आणि भिंतीला तिरकी चीर.

जुन्या वाड्यांची दुरुस्ती :
बावडी किंवा विहीर झाकून वर सभामंडप केला असेल, तर घराचा हिशेब लावू नका. घराला चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात, गर्दीच्या मोकळ्या मंडपाला 500. आधी खालून टॉर्च मारा. छताचे लोखंडी गर्डर भिंतीत शिरतात तिथे गंजाचे पापुद्रे सुटले असतील, तर पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) टोचून बघा, कितपत आत जातो. धोकादायक इमारतीला पालिका कलम 310 खाली नोटीस देते, पण अर्जाला असे फोटो जोडा. नुसत्या तक्रारीवर कुणी येत नाही. आणि त्या गर्डरना रंग दिलेला असतो तो मधल्या भागालाच, टोकापर्यंत ब्रश पोचत नाही.